दुरुस्ती माघातली, वैशाखातली नव्हे

सातारा-सांगलीकडं घराच्या डागडुजीबद्दल एक समजूत पक्की बसली आहे. घराचं काय असेल ते मे महिन्यात बघायचं. यात्रा झाल्या, लग्नं उरकली, पोरांना सुट्ट्या लागल्या की गवंड्याला हाक मारायची आणि मृगाच्या आत गच्चीवर एखादा लेप मारून घ्यायचा. फेब्रुवारीत कुणी गच्चीचा विषय काढलाच, तर ‘आत्ता कशाला? पाऊस तोंडावर आला की बघू की,’ हे उत्तर ठरलेलं. असं बोलणारा माणूस आळशी नसतो. त्याच्या मनात खर्चाचा आणि वेळेचा हिशेब असतो, आणि त्या हिशेबाला पूर्वजांचा आधारही असतो. आजोबा-पणजोबा वैशाखातच घर शाकारत होते, मग आपण माघात धावपळ का करायची, असा त्याचा सवाल असतो.

ही समजूत मला साफ अमान्य आहे. विटा-सिमेंटच्या घराची, स्लॅबच्या गच्चीची आणि गिलाव्याच्या भिंतीची खरी दुरुस्ती माघ-फाल्गुनातच व्हायला हवी, म्हणजे थंडीचा कडाका ओसरल्यापासून पाडव्याची गुढी उभी राहीपर्यंत. वैशाखात होते ती झाकाझाकी. झाकण्याची कामं वैशाखात जरूर करावीत, पण त्यांना दुरुस्ती समजून पैसे मोजू नयेत.

पूर्वजांचा दाखला दिला जातो, तर आधी पूर्वज काय करत होते ते नीट पाहू. पाटण, जावळी, महाबळेश्वर या घाटमाथ्याच्या तालुक्यांत गवताची आणि कौलांची घरं वैशाखात शाकारली जात, हे खरंच आहे. पण छपरावर चढणारं गवत वैशाखात कापलेलं नसे. ते दिवाळीनंतर कापून, पेंढ्या बांधून, गंजी रचून ठेवलेलं असे. बांबू आणि वासे थंडीच्या दिवसांत तोडायचे, कारण त्या वेळी लाकडातला रस कमी असतो आणि त्याला भुंगा लागायची धास्ती कमी असते. चुन्याचं काम असलं तर भट्टीतला चुना हौदात विझवून मुरत ठेवायचा, मग घाणीत मळायचा. माती असली तर काड-भुसा घालून कुजवायची. वैशाखात शिडी लावून वर चढणारा माणूस कार्तिकापासून चाललेल्या कामाचा शेवटचा हात फिरवत असे. आपण त्याचा शेवटचा आठवडा उचलला आणि आधीचे सहा महिने सोडून दिले. एवढं सोडून परंपरेचं नाव घेणं पूर्वजांवर अन्याय करणारं आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. कौलं परतणं, फुटकी बदलणं, गवत अंथरणं ही सगळी कोरडी कामं. त्यांना ऊन चालतं, किंबहुना ऊन हवंच असतं. माणदेशात, जत-आटपाडीकडं माळवदावर पांढऱ्या मातीचा थर चढवून तो बडवत, त्यालाही पाणी बेताचंच लागे. सिमेंटचं सगळं उलट आहे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी त्याचा संयोग होऊन घट्ट होतं. ते पाणी आत टिकलं नाही तर संयोग अर्धवट राहतो आणि वरून टणक दिसणारा थर आतून भुसभुशीत होतो. म्हणूनच भारतीय मानक ४५६ सांगतं की साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस सतत ओलं ठेवा; हवा गरम आणि कोरडी असेल तर १० दिवसांपेक्षा कमी नको, आणि मिश्र सिमेंट असेल तर ही मुदत १४ दिवसांपर्यंत वाढवावी. आज दुकानात मिळणारं बहुतेक सिमेंट राख मिसळलेलं, म्हणजे मिश्रच असतं. उष्ण हवेतल्या काँक्रीटसाठी वेगळं मानक आहे आणि ते हवेचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की लागू होतं. सांगली, मिरज, जत, म्हसवडकडं एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास घोटाळत असतो. त्या हवेत सकाळी दहा वाजता ओतलेला कोबा दुपारपर्यंत वरून सुकतो, आक्रसतो आणि त्यावर बारीक जाळीसारखे तडे उठतात. पुढं पाणी त्याच तड्यांतून उतरतं. मे महिन्यात नवा कोबा केला आणि जुलैत तोच गळला, म्हणून लोक गवंड्याला शिव्या देतात. बऱ्याचदा गवंड्याचं काही चुकलेलं नसतं. त्याला काम दिलं तो महिनाच चुकलेला असतो.

आणि हे पाणी आणायचं कुठून? माघात विहिरींना पाणी असतं, बोअर चालत असतात. वैशाखात माण, खटाव, जत, आटपाडीच्या कित्येक गावांत पिण्याचं पाणी टँकरनं येतं. त्या दिवसांत दोन आठवडे दिवसातून तीनदा गच्चीवर पाणी मारा असं सांगणं म्हणजे कुणी ऐकणार नाही असा सल्ला देणं. पाणी वाचवायचं म्हणून दोन दिवसांत पाणी मारणं थांबतं, आणि त्या कामावर घातलेलं सिमेंट, वाळू, मजुरी सगळं निम्म्या किमतीचं होतं. टंचाईच्या गावात पाण्याचा खरा सांभाळ हाच आहे की ज्या कामाला पाणी लागतं ते पाणी असताना उरकावं.

तोंडावर आला की बघू म्हणणाऱ्यांनी २०२५ चा मे महिना आठवावा. त्या वर्षी मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. त्याच्या आधीपासूनच पश्चिम महाराष्ट्रात पाऊस पडत होता. फलटण-माणसारख्या दुष्काळी पट्ट्यात मे संपायच्या आत ओढे भरून वाहिले. ज्यांनी गच्ची उघडी करून ठेवली होती, त्यांच्या उकरलेल्या कोब्यात पाणी साचलं. हे एकाच वर्षाचं म्हणून सोडूनही द्यायला नको, कारण वळीव तर दरवर्षी येतो. एप्रिलपासून कुठल्याही संध्याकाळी वारा सुटतो, गारा पडतात, तासाभरात रस्त्याची नदी होते. ‘तोंडावर’ म्हणजे नेमकं केव्हा, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कधीच नव्हता.

आता ज्या आक्षेपात वरवर खरोखर तथ्य दिसतं त्याकडं वळतो. लोक म्हणतात, गळती पावसातच कळते. कोरड्या दिवसांत काय दुरुस्त करायचं तेच समजत नाही. पावसाळ्यात छतावर ओल कुठं दिसली ते त्या वेळी खडूनं किंवा पेन्सिलीनं आखून ठेवावं, हे मला मान्य. पण ओल जिथं दिसते तिथूनच पाणी शिरलं असं जवळजवळ कधीच नसतं. ते गच्चीच्या एका कोपऱ्यात शिरतं, स्लॅबमधून वाट काढत जातं आणि दहा फुटांवर, पंख्याच्या हुकापाशी उतरतं. शिरण्याची जागा शोधायला कोरडी गच्ची आणि मऊ ऊन लागतं, आणि ते माघात मिळतं.

कसं शोधायचं ते सांगतो. फेब्रुवारीतल्या एखाद्या सकाळी, ऊन तिरपं असताना, झाडून स्वच्छ केलेल्या गच्चीवर बादल्यांनी पाणी ओतायचं आणि केरसुणीनं सगळीकडं पसरायचं. मग थांबायचं. अर्ध्या-पाऊण तासात वरचं पाणी सुकायला लागतं आणि फरशीचा रंग फिका पडत जातो. पण जिथं भेग आहे तिथं आत गेलेलं पाणी लवकर सुकत नाही. फिकट पडलेल्या गच्चीवर काळपट रेषा उरतात, काही सरळ, काही नदीच्या फाट्यांसारख्या. केसाएवढी भेग, जी एरवी गुडघे टेकून शोधली तरी सापडणार नाही, ती उभ्यानं दिसते. त्या रेषांवर लगेच खडू फिरवायचा. कठड्याची भिंत आणि स्लॅब जिथं मिळतात तो सांधा तर हमखास काळा राहतो, कारण तिथं कुणी गोलाई केलेली नसते, आणि केली असली तरी ती भिंतीपासून सुटलेली असते. हीच तपासणी मे महिन्यात करून पाहा. तापलेल्या स्लॅबवर पाणी पडताच त्याची वाफ होते, भेग आणि फरशी बरोबरच सुकतात आणि हाती काही लागत नाही.

याहून पक्की परीक्षा हवी असेल तर पाण्याचे पाईप बोळ्यांनी बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी एक-दोन दिवस उभं करतात आणि खाली छत बघतात. हजार चौरस फुटांच्या गच्चीला त्यासाठी जवळजवळ पावणेपाच हजार लिटर पाणी लागतं, म्हणजे पुन्हा तोच प्रश्न आणि तेच उत्तर. छत आधीच फुगलेलं, सळया उघड्या पडलेल्या असतील, तर मात्र एवढं वजन अभियंत्याला विचारल्याशिवाय वर चढवू नये.

सळयांचा विषय निघालाच आहे, तर स्लॅबला काही करावं लागत नाही या भ्रमाविषयीही बोललं पाहिजे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत आपल्या गावागावांत कौलं उतरवून स्लॅब पडले, तेव्हा लोकांना खरंच वाटलं की दरसालचा त्रास संपला. आज त्या स्लॅबना तीस-चाळीस वर्षं झाली आहेत. भेगेतून पाणी आणि हवा सळईपर्यंत पोहोचली की ती गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. त्या रेट्यानं खालचं काँक्रीट फुगतं आणि एका रात्री त्याचा पापुद्रा पलंगावर कोसळतो. याची चाहूल आधी लागते. लांब काठीनं किंवा हातोडीच्या दांड्यानं छत ठोकत गेलं तर भरीव ठिकाणी खणखणीत आवाज येतो आणि सुटलेल्या ठिकाणी बद्द. बद्द वाजलेला भाग काढणं, सळई घासून गंज झाडणं, तिला गंजरोधक लावणं आणि वरून नवा थर देणं हे तीन-चार आठवड्यांचं काम आहे. पावसाला पंधरा दिवस उरलेले असताना ते कुणीच नीट करू शकत नाही, म्हणून त्याच्यावर पुट्टी फासली जाते. पुट्टीच्या आत गंज चालूच राहतो.

बाजारात आता डबे मिळतात, दोन हात मारले की गच्ची गळायची थांबते अशी त्यांची जाहिरात असते. ही रसायनं मी टाकाऊ मानत नाही, नीट वापरली तर ती चांगली आहेत. पण त्याच डब्यावर छापलेलं असतं की पृष्ठभाग स्वच्छ, भक्कम आणि कोरडा हवा. भेग केसाहून मोठी असेल तर ती खाच पाडून रुंद करावी लागते, धूळ काढून पॉलिमरच्या मसाल्यानं भरावी लागते आणि मगच लेप द्यावा लागतो. तापलेल्या स्लॅबवर लेप चिकटण्याआधीच त्याची साय धरते. पुढं पावसात ती फुगते आणि हातानं सोलून निघते. डबा तोच, कामगार तोच, फरक फक्त महिन्याचा.

बरेच जण मे महिन्याचं नाव काढत नाहीत, ते म्हणतात, ‘आमचं सगळं दिवाळीत होतं.’ दिवाळीत रंग होतो, हे खरं. पण दिवाळी येते कधी? चार महिने पाऊस पिऊन भिंती तुडुंब झालेल्या असतात तेव्हा. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात माणमध्ये त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. दहिवडीतली भिंत दिवाळीपर्यंत सुकलेली असेलही. मेढा, कोयनानगर, पाचगणीकडची नसते. अशा ओल्या भिंतीवर रंगाचा घट्ट पडदा ओढला की आतली वाफ बाहेर पडायची वाट बंद होते. थंडीत भिंत कोरडी होऊ पाहते, वाफ रंगाला आतून रेटते आणि शिमग्यापर्यंत पोपडे धरतात. सणाला घर उजळावं ही इच्छा योग्यच आहे, त्यासाठी चुन्याचा हात पुरेसा आहे, कारण चुन्यातून भिंतीचा श्वास चालू राहतो. तेलरंग, प्लास्टिक रंग आणि बाहेरच्या बाजूचे महागडे रंग मात्र फाल्गुनासाठी राखून ठेवावेत, भिंत वर्षातली सगळ्यात कोरडी आणि ऊन अजून सोसवणारं असताना.

भिंत कोरडी आहे की नाही याचा अंदाज हात लावून घेऊ नये. प्लास्टिकच्या पातळ कागदाचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचं. कागदाच्या आतल्या बाजूला दव जमलं असेल तर भिंत आतून ओली आहे. सांगलीकरांना ही परीक्षा फार गरजेची आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ च्या पुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर आणि २०२१ मध्ये पुन्हा ५४ च्या पुढं. गावभाग, सांगलीवाडी, हरिपूर या भागांतल्या कित्येक भिंती आठ-आठ दिवस पाण्यात उभ्या होत्या. पूर ओसरल्यावर लोकांनी धीर एकवटून घरं पुन्हा उभी केली, त्या धीराला तोड नाही. पण घाईघाईनं ओल्या विटांवर नवा गिलावा चढला, आणि तिथं आजही पुराच्या खुणेखाली लोणा फुटतो. पांढरी भुकटी झाडली की महिन्याभरात पुन्हा येते. पुराच्या पाण्याबरोबर आलेले आणि विटांमधले क्षार ओलीबरोबर पृष्ठभागावर येतात आणि तिथं त्यांचे खडे धरतात. त्याच्यावर कितीही भारी रंग द्या, तो सुटणारच.

अशा भिंतीचा इलाज संथ आहे, म्हणून तो माघातच सुरू करावा लागतो. लोणा जिथवर चढला आहे त्याच्या हातभर वरपर्यंत गिलावा काढून टाकायचा. विटा कोरड्या ब्रशनं झाडायच्या, पाण्यानं धुवायच्या नाहीत, नाहीतर क्षार पुन्हा आत जातात. मग भिंत तशीच उघडी ठेवायची. माघाच्या सुरुवातीला गिलावा उतरवला तर तिला सुकायला सव्वा-दीड महिना मिळतो आणि फाल्गुनाच्या मध्याला प्लास्टिकच्या कागदावर दव दिसेनासं झालं की नवा गिलावा चढतो. मे महिन्यात सुरुवात करणाऱ्याला हा दीड महिना कोण देणार? त्याच्याकडं दोनच मार्ग उरतात, उघडी भिंत पावसात नेणं किंवा ओल्या भिंतीवर पुन्हा तेच करणं.

भेगांचंही तसंच. वाळवा, मिरज, पलूसच्या काळ्या मातीत घर बांधलेल्या माणसाला हे सांगायला नको की ती माती पावसात फुगते आणि उन्हात आक्रसते. जोतं तिच्याबरोबर हलतं. मे महिन्यात जमीन सगळ्यात जास्त आक्रसलेली असते, भेगा सगळ्यात रुंद असतात. त्या वेळी भेगेत सिमेंट ठासलं की पावसात जमीन वर उचलते तेव्हा त्या ठासलेल्या सिमेंटला सरकायला जागा नसते आणि शेजारी नवी भेग पडते. म्हणून आधी भेग जिवंत आहे की शांत झाली आहे ते पाहावं लागतं. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहायची, मधे काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवायची. काच फुटली तर भेग जिवंत. जिवंत भेगेला लवचिक मसाला लागतो, आणि बऱ्याचदा खरं काम भिंतीवर नसतंच. जोत्याभोवती बाहेर उतार देऊन फरसबंदी करणं, छताचं पाणी पायाशी न मुरू देता लांब नेणं, हे ते काम. ही काच लावून काही आठवडे वाट पाहायला लागते.

पाटण तालुक्यात तर भेगेकडं दुर्लक्ष करण्याची मुभाच नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात सुमारे १८० माणसं गेली, आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी किती जणांना गाडलं हे त्या खोऱ्यातल्या जुन्या लोकांना अजून आठवतं. कोयना-वारणेच्या पट्ट्यात लहान धक्के आजही बसतात. तिथल्या दगडी घरांच्या कोपऱ्यांतली उभी भेग, बाहेर फुगलेली भिंत, आढ्यापासून सुटलेला वासा हे सगळं जाणत्या माणसाकडून तपासून घेण्याची बाब आहे.

वेळेचा आक्षेप उरतो. तासगाव-कवठेमहांकाळचा बागायतदार मला विचारेल की, दादा, माघ-फाल्गुनात द्राक्षं उतरवायची, बेदाणा टाकायचा, हळद काढून शिजवायची की गच्चीवर पाणी ओतत बसायचं? ऊसवाला म्हणेल, तोड चालू आहे, टोळी शिवारात आहे. ही अडचण खरी आहे आणि मी ती हलकी मानत नाही. पण मालकाला स्वतःला लागते ती एक सकाळ, पाहणीसाठी. पुढचं काम गवंड्याचं आहे आणि तो द्राक्षबागेत नसतो. उलट पाडव्यानंतर गावोगावच्या यात्रा सुरू होतात, विजापूरकडून आलेले बिगारी आपापल्या गावी जातात, आणि जो गवंडी मागं राहतो त्याच्यामागं साऱ्या पेठेची हाकाटी असते. तो सकाळी एका घरी, दुपारी दुसऱ्या घरी अशी कामं ओढतो. माघात तोच माणूस तुमच्या गच्चीवर पूर्ण दिवस देतो.

पैशाचं म्हणाल तर उसाचं बिल ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत द्यावं असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ते वेळेवर मिळालं नाही तरी हंगाम संपता संपता काहीतरी हाती येतं. द्राक्ष-बेदाण्याचा पैसाही याच दिवसांत. मे उजाडेपर्यंत तो लग्नात, यात्रेत आणि खरिपाच्या बियाण्या-खतांत गेलेला असतो, आणि गच्चीसाठी उरतो तो डब्यापुरता. भेगेचा खर्च आणि गंजलेल्या स्लॅबचा खर्च यांत किती अंतर आहे, हे ज्यानं दोन्ही करून पाहिलं त्याला विचारा.

जुन्या वाड्यांबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण त्यांची हानी भरून येत नाही. वाई, मेणवली, साताऱ्याच्या पेठा, मिरज इथं चुन्यात आणि मातीत बांधलेली घरं अजून उभी आहेत, राहती आहेत. त्यांच्या भिंती जाड, आत लाकडी खांब-तुळया. अशा भिंतीला मे महिन्याच्या घाईत सिमेंटचा गिलावा मारला जातो, कारण तो लवकर होतो. सिमेंट ओल आत कोंडतं, तुळईचं भिंतीतलं टोक कुजतं, वाळवीला वाट मिळते. वरून घर नवं दिसतं आणि आतून उभं राहण्याची ताकद गमावतं. चुन्याचा गिलावा पातळ थरांत, थर सुकू देत, ऊन आड करून द्यावा लागतो. त्याला फेब्रुवारी-मार्चची हवा मानवते. मे महिन्यातल्या उन्हात तो तडकतो. पिंपळाची रोपं हा या वाड्यांचा आणखी एक शत्रू. पावसाळ्यात फटीत रुजलेलं रोप आता वितभर झालेलं असतं. ते वरून खुडलं तर मूळ आत जाड होत राहतं. चार चिरे सैल करून मूळ काढायला आणि चुन्यानं पुन्हा भरायला कोरडे दिवस लागतात.

वैशाखाच्या वाट्याला काय उरतं, तेही सांगतो. महाबळेश्वरात पावसाच्या बाजूच्या भिंतींना गवताचं आच्छादन बांधण्याची जुनी रीत आहे. ते मे महिन्यातच बांधायचं. खिडक्यांचे आडोसे, प्लास्टिकचे कागद, पन्हळी आणि पाईपांची दुसरी झाडलोट याच दिवसांतली. पहिली झाडलोट मात्र माघातल्या पानगळीनंतर लगेच व्हायला हवी, कारण एप्रिलचा पहिला वळीव तुंबलेल्या पाईपाची गय करत नाही.

शेवटचा मुद्दा पालिकांचा आहे. धोकादायक इमारतींना नोटिसा लावण्याचं काम वर्षानुवर्षं पावसाळ्याच्या तोंडावर, ‘मान्सूनपूर्व तयारी’ या नावाखाली होत आलं आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ नुसार तीस वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीची नोंदणीकृत अभियंत्याकडून तपासणी करून घेणं मालकाला बंधनकारक आहे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेला हा अधिनियम लागू आहे. सातारा नगरपालिका आणि ग्रामपंचायती यांचे कायदे वेगळे, पण त्यांनाही पाहणी करून मालकाला सूचना देता येते. मे महिन्यात दारावर नोटीस लागली तर अभियंता आणायचा, अंदाजपत्रक करायचं, भाडेकरू आणि मालक यांच्यात खर्चाची बोलणी व्हायची आणि टेकू लावून काम उरकायचं, हे सगळं तीन आठवड्यांत होत नाही. ते जोतिबा-म्हसोबाच्या कृपेवर सोडून माणसं त्याच छताखाली झोपतात. तीच नोटीस जानेवारीत लागली तर माघ, फाल्गुन आणि चैत्र असे तीन महिने हातात राहतात. त्यासाठी नवा कायदा नको आणि नवा निधीही नको. पाहणीचा आदेश चार महिने आधी काढावा लागतो, आणि तो काढायचा अधिकार आज पालिकांच्या मुख्याधिकाऱ्यांकडं आणि आयुक्तांकडं आहे. येत्या जानेवारीपासून त्यांनी तो वापरावा, ही माझी मागणी आहे.